विदादची चिठ्ठी

सोमवारी सकाळी दहा वाजून एक मिनिटाने विदादला हूतचं पत्र आलं: आपलं काम सुरू झालं आहे, मुदत चार दिवस. विदादने हूतला कुठलंच काम सांगितलेलं नव्हतं.

हूत म्हणजे मासा. ट्यूनिसच्या दक्षिणेकडच्या सफाक्स शहरातल्या संशोधन केंद्रातल्या महासंगणकाला सगळे हूतच म्हणत. तो तळघरात चाळीस कपाटांत पसरून घोंघावत पडलेला असे आणि विदाद गरसल्ला त्याची रांग सांभाळत असे. आधी कुणाचं काम, नंतर कुणाचं, कुणाला किती यंत्रं, सगळं तिच्या हातात. हूतशी समोर बसून बोलता येत नाही. त्याला चिठ्ठी लिहावी लागते: किती यंत्रं हवीत, किती तास हवेत, काय चालवायचं आणि कमी-जास्त झालं तर कुणाला कळवायचं. चिठ्ठी रांगेत टाकायची आणि वाट बघायची. नंबर लागला की हूत काम हाती घेतो आणि मागितलेली मुदत संपली की, काम पुरं झालेलं असो वा नसो, त्याची मान मुरगाळतो. दयामाया त्याला नाही. ती विदादकडे होती. मुदत संपायच्या आत कुणी तिला कळवलं तर ती एका ओळीचा हुकूम देऊन वेळ वाढवून देई. आजवर तिने कुणालाही नाही म्हटलं नव्हतं.

आता या संशोधक मंडळींची एक जुनी खोड सांगायला हवी. समुद्राचे प्रवाह गणितात पकडणारी ही माणसं साधी चिठ्ठी स्वतः लिहीत नाहीत. मित्राची घेतात. मित्राने थोरल्याची घेतलेली असते आणि थोरल्याने कुणाची घेतली ते अल्लालाच ठाऊक. वरचं नाव बदलायचं आणि बाकीचं तसंच ढकलायचं. हूतच्या आधी इथे जे यंत्र होतं त्याच्याकडून, लग्न होऊन ओरानला गेलेल्या एका मुलीला दोन वर्षं अनोळखी लोकांच्या कामांची पत्रं जात होती आणि बिचारी दर वेळी शुभेच्छा कळवत होती.

असंच काहीतरी असेल म्हणून विदादने चिठ्ठी उघडली. काम टाकणाऱ्याचं नाव होतं नाजी मसऊदी. त्याखाली तिची स्वतःची चिठ्ठी होती, अक्षरन् अक्षर तिची. कळवायचं कुणाला, तर विदादला. मधेच तिने कधीकाळी स्वतःसाठी लिहून ठेवलेली एक ओळही होती, यंत्र वाचत नाही अशी: "विदाद, ऊठ, आधी पाणी पी, मग पुढचं बघ."

ती खरोखरच पाणी प्यायली.

सात वर्षांपूर्वी विदाद प्रबंध करत होती आणि सी नाजी तिचे मार्गदर्शक होते; तिकडे पुरुषाला आदराने सी म्हणतात, बाईला लल्ला. सफाक्ससमोरच्या आखातात निळे खेकडे नुकतेच घुसले होते. जाळी कातरून ठेवत, अडकलेला मासा कुरतडत. मच्छीमार त्यांना अतिरेक्यांच्या टोळीच्या नावाने दाएश म्हणायचे, अजूनही म्हणतात. त्या खेकड्यांची पिल्लं कुठल्या प्रवाहात कुठे वाहत जातील आणि कुठल्या महिन्यात कुणाच्या जाळ्याशी पोचतील, हे आधी सांगता येईल असं गणित विदादने तीन वर्षं खपून बांधलं. एके दिवशी सी नाजी म्हणाले, "अख्खा फोल्डर पाठव, एकदा नजर टाकतो." नजर टाकली, ती अशी टाकली की आठ महिन्यांनी मार्सेयच्या परिषदेत सी नाजींनी ते गणित स्वतःचं म्हणून वाचलं आणि मान मिळवला. आयत्या बिळावर नागोबा. शेवटी आभार मानलेल्यांत विदादचं नाव होतं, कॉफीची व्यवस्था पाहणाऱ्याच्या खाली, "यंत्राच्या मदतीसाठी".

तिने तक्रार केली. समितीने विचारलं, फायली दोघांकडे सारख्याच आहेत, कुणी कुणाच्या उचलल्या हे कसं ठरवायचं? सी नाजी सगळ्यांदेखत हसून म्हणाले, "पोरगी गुणी आहे. टाइप फार सुरेख करते." त्यानंतर तिचा प्रबंध परत आला. कारण दिलं की यातलं संशोधन आधीच प्रसिद्ध झालेलं आहे. स्वतःच्याच घरात तिला चोर ठरवलं. मग तिने तळघरातली नोकरी धरली आणि तेव्हापासून ती लोकांच्या रांगा लावत होती.

हूतला आधी पत्रं धाडता येत नव्हती. ती सोय विदादनेच पंधरा दिवसांपूर्वी चालू केली होती. तोवर सी नाजींची कामं परदेशातल्या यंत्रांवर चालत आणि तिथे असली पत्रं बंदच असत. म्हणजे सात वर्षांत या माणसाने आपण चोरलेली चिठ्ठी एकदासुद्धा नीट वाचली नव्हती. विदादला चोरीपेक्षा याचाच राग जास्त आला. चोरलंस तर चोरलंस, निदान वाचायचं तरी.

मंगळवारी तिने काम किती पुढे गेलं ते पाहिलं. चोवीस तासांत शंभरातले एकोणीस भाग. तिच्या काळी आखाताचे चौकोन मोठे होते, चार दिवस पुरून उरत. आता चौकोन बारीक केले होते आणि मुदत मात्र जुनीच राहिली होती. शुक्रवारी सकाळी दहाला हूत या कामाची मान मुरगाळणार, तेव्हा ते शहात्तरावर असणार. पुढच्या सोमवारी ट्यूनिसहून समिती येणार होती आणि नव्या सागरी संस्थेच्या संचालकपदासाठी सी नाजी तिच्यापुढे हेच निकाल मांडणार होते. पुन्हा पहिल्यापासून चालवायला वेळ उरणार नव्हता.

आणखी एक गंमत होती. दर सहा तासांनी झालेलं काम बाजूला साठवून ठेव, अशी एक ओळ चिठ्ठीत होती. ती असली की काम मेलं तरी झालेलं हाती राहतं. विदादने त्या जुन्या दिवशी दोन तासांची चाचणी करायची म्हणून ती ओळ तात्पुरती बंद केली होती. नेमका त्याच दिवशी सी नाजींनी फोल्डर मागितला. ओळ अजून बंदच होती. शुक्रवारी जे मरेल ते मुळासकट मरणार होतं.

पन्नास, ऐंशी आणि नव्वद टक्के मुदत सरली की हूत इशारा धाडतो. ते इशारे सी नाजींना मिळणार नव्हते. विदादला मिळणार होते. तिला कुठलं बटण दाबायचं नव्हतं, कुठला नियम मोडायचा नव्हता, फक्त गप्प बसायचं होतं. सुंठीवाचून खोकला जात होता. त्या दुपारी ती घरी जाताना गुणगुणत होती आणि बसमध्ये शेजारची बाई तिच्याकडे बघून उगाचच हसली.

बुधवारी दहाला पहिला इशारा आला. अर्ध्या तासाने उपाहारगृहात खुद्द सी नाजी भेटले. पांढरा शुभ्र सदरा, हातात छोटी कॅपुसिन कॉफी आणि भोवती दोघे-तिघे हांजी हांजी करणारे.

"अरे, लल्ला विदाद! आमचा मासा काय म्हणतो? ताप-बीप नाही ना आला या उन्हात?"

"ठणठणीत आहे, सी नाजी. तुमचंच काम गिळून बसलाय."

"गिळू दे, गिळू दे. फक्त पचवून द्यायला सांग वेळेवर." भोवतालचे हसले. "तुला सांगू, तू खाली आहेस तीच सुखी आहेस बघ. संशोधन म्हणजे नुसती डोकेदुखी. तुला नसतं झेपलं."

विदादने साखरेची पुडी फोडली. आपण या माणसाला एक संधी देतो आहोत हे तिला कळत होतं. का देतो आहोत, ते मात्र कळत नव्हतं.

"एक विचारू? हूतची चिठ्ठी तुम्ही स्वतः लिहिलीत?"

"मग काय शेजाऱ्याने लिहिली?" सी नाजींनी कपातला शेवटचा घोट घेतला. "माझ्या हातची आहे. सात वर्षं तीच चालतेय, एक अक्षर बदलावं लागलं नाही. लिहायचं तर असं लिहावं, पोरी. शिकून घे."

"शिकले," विदाद म्हणाली.

चोर तो चोर, वर शिरजोर. खाली तळघरात येताना तिच्या मनातली उरलीसुरली किंतु-परंतुची भाषा संपली होती.

गुरुवारी, उन्हाळ्यातल्या रिवाजाप्रमाणे, केंद्र दोनलाच बंद झालं. पावणेतीनला विदाद आईसमोर जेवायला बसली होती. भाजलेला मासा होता, मिरच्या-टोमॅटोचं सलाड होतं. तेवढ्यात फोन वाजला. दुसरा इशारा: ऐंशी टक्के मुदत संपली.

"कुणाचं गं?" आईने विचारलं.

"कामाचं."

"मग उत्तर दे ना. लोक खोळंबले असतील."

"खोळंबू देत, उम्मी. सात वर्षं मी खोळंबलेय."

आईने तिच्याकडे पाहिलं आणि माशाचा काटा काढून तिच्या ताटात चांगला तुकडा ठेवला. फोन तिथेच होता. घरबसल्या हुकूम द्यायचीही सोय होती, एक ओळ टाइप करायची की झालं. विदादने तो तुकडा चवीने खाल्ला. इतका गोड मासा तिने फार दिवसांत खाल्ला नव्हता.

तिसरा इशारा मध्यरात्रीनंतर आला. तो तिने सकाळी वाचला आणि इतरांशेजारी नीट ठेवून दिला.

शुक्रवारी ती साडेनऊलाच पडद्यासमोर जाऊन बसली. शहात्तरावर पोचलेलं काम मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होतं. दहाला पाच कमी असताना तिच्या मनात आलं, अजूनही वेळ आहे. दहाला दोन कमी असतानाही आलं. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. दहा वाजले. त्या कामाची ओळ पडद्यावरून गेली आणि पत्र आलं: मुदत संपल्यामुळे आपलं काम थांबवण्यात आलं आहे. आपलं काम! विदाद हसली, एकटीच, मोठ्याने. सात वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं असं तिला वाटलं. पडदा बघताना सी नाजींचा चेहरा कसा होईल, याची तिने तीन-चार वेगवेगळी चित्रं रंगवली आणि प्रत्येक चित्र चवीने पाहिलं.

वीस मिनिटांनी दार वाजलं. तिने खुर्ची वळवली, चेहरा गंभीर केला.

दारात सी नाजी नव्हते. पंचविशीची एक मुलगी होती, डोळे सुजलेले, हातात वही छातीशी धरलेली. सी नाजींच्या विद्यार्थिनींपैकी ही सिरीन. विदादने तिला जिन्यात दोन-चारदा पाहिलं होतं.

"लल्ला विदाद, ते काम... त्यातलं काही परत मिळेल का हो? थोडं तरी?"

"कुठलं काम?"

"खेकड्यांचं. सी नाजींच्या नावावर होतं ते. माझं होतं."

विदादने खुर्ची पडद्याकडे वळवून काम टाकणाऱ्याचं नाव पुन्हा वाचलं.

"त्यांच्या नावाने टाकलं की नंबर लवकर लागतो म्हणून त्यांनीच त्यांचा पासवर्ड दिला," सिरीन भराभर बोलत होती. "चौकोन मी बारीक केले, दोन वर्षं लागली त्याला. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण आहे. ट्यूनिसची समिती सोमवारी प्रबंधही बघणार आहे, तिच्यासमोर निकाल नाही ठेवले तर माझी नोंदणीच रद्द होतेय. दोनदा मुदतवाढ घेतलीय, तिसरी देत नाहीत."

"साठवून ठेवायची ओळ बंद होती," विदाद म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "काहीच उरलेलं नाही."

"ती ओळ मी पाहिली होती. उघडू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, माझ्या चिठ्ठीला हात लावायचा नाही, ती सात वर्षं चालतेय." तिने बाहीने नाक पुसलं. "मुदतीची पण धाकधूक होती मला. पण कळवायच्या जागी तुमचा पत्ता दिसला. म्हटलं, तुम्ही रांग सांभाळता, सगळ्यांचीच पत्रं तुमच्याकडे येत असणार. वेळ कमी पडला तर लल्ला विदाद सांगतील. सगळे म्हणतात, तुम्ही कुणाला अडवत नाही. म्हणून मी निवांत झोपले हो काल."

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे सुकं राहिलं बाजूला आणि ओलंच पेटलं होतं. तेवढ्यात दार न वाजवता सी नाजी आत आले. सदरा आजही पांढरा होता.

"बरं झालं, दोघी इथेच आहात. विदाद, एक छोटं काम कर. दोन ओळी लिहून सही दे. मुदतीचे इशारे विद्यार्थिनीला वेळेवर गेले होते आणि तिने दुर्लक्ष केलं, एवढंच. समितीला कारण दाखवावं लागेल ना. मी माझे जुने निकाल मांडीन, माझं भागेल."

"आणि हिचं?"

"हिचं काय? चुका करतील तेव्हा शिकतील. तूही शिकलीसच की."

सिरीन खाली मान घालून उभी होती. अगदी तशीच, सात वर्षांपूर्वी समितीसमोर विदाद उभी होती तशी.

"इशारे हिला गेले नाहीत, सी नाजी," विदाद म्हणाली. "मला आले. पाचच्या पाच पत्रं."

"तुला कशी येतील?"

"कारण चिठ्ठी माझी आहे. तुमच्या हातची आहे ना ती? मग वाचा." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. "तिसऱ्या ओळीत माझा पत्ता. नवव्या ओळीत माझं नाव, आणि पाणी प्यायची आठवण. वर तुमचं खातं, तुमचा पासवर्ड, सोमवारची तारीख. कुणी कुणाचं उचललं असं विचारत होती ना समिती?"

सी नाजींनी वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं. विदादने रंगवलेल्या सगळ्या चित्रांपेक्षा त्यांचा चेहरा वाईट झाला होता. पण तो माणूस मुरलेला होता. दोन श्वासांत सावरला.

"पत्रं तुला आली. मग तू बोलली का नाहीस?"



"तुमचा सूड घ्यायचा होता म्हणून," विदाद म्हणाली.

"वा! हे समितीला सांग हं. रांग सांभाळणारी बाई इशारे दाबून बसते. संध्याकाळपर्यंत नोकरी जाईल तुझी."

"जाईल. तुम्हाला बरोबर घेऊन जाईल."

तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्यादेखत पत्र लिहायला घेतलं, थेट ट्यूनिसच्या समितीच्या अध्यक्षांना. पाचही पत्रं जोडली. सी नाजींच्या खात्यातून आलेली चिठ्ठी जोडली. पासवर्ड वाटल्याचं लिहिलं. मग लिहिलं की काम अपुरं राहणार हे मला मंगळवारीच दिसलं होतं, गुरुवारी पावणेतीनला दुसरा इशारा आल्यावरही, शुक्रवारी दहापर्यंत हे काम वाचवणं माझ्या हातात होतं, मी जाणूनबुजून वाचवलं नाही, आणि यात या विद्यार्थिनीचा काडीचाही दोष नाही. आधी सी नाजी ओरडले. मग समजावू लागले. मग म्हणाले, शोधनिबंधावर अजूनही तुझं नाव घालता येईल, पहिलं सुद्धा घालता येईल. विदादने वर पाहिलंही नाही. शेवटी दार आपटल्याचा आवाज आला आणि जिन्यावरून, फोनवर कुणाशी तरी, "नाही हो, पोरकट प्रकरण आहे" असं ऐकू येत येत विरून गेलं.

विदाद सिरीनकडे वळली. आपला चेहरा हसरा आहे हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"तुझं काम तुझ्या नावाने पुन्हा टाक. आत्ताच. रांगेत पुढे घेते. सोमवारपर्यंत नाही होणार, पण या पत्रानंतर समितीला तुला मुदत द्यावीच लागेल."

सिरीन हलली नाही. तिने पडद्यावरचं पत्र पहिल्यापासून वाचलं, बोट ठेवून, एकेक ओळ. गुरुवारी पावणेतीन या शब्दांवर बोट बराच वेळ थांबलं.

"तेव्हा मी आईला फोन करत होते," ती म्हणाली. "झालंच म्हणून सांगत होते."

"सिरीन, मला माहीत असतं की ते तुझं..."

"त्यांचं असतं तर चाललं असतं, असं ना?" तिचे डोळे आता कोरडे होते. "त्यांना माझी दोन वर्षं वापरायची होती. तुम्हाला पण. तुम्ही फक्त त्यांच्यावर फेकायला वापरलीत."

सात वर्षं तिने तऱ्हेतऱ्हेची उत्तरं जमवली होती, पण ती सगळी दुसऱ्याच माणसासाठी होती.

"हे पत्र तुम्ही सी नाजींविरुद्ध लिहिलंय," सिरीन म्हणाली. "त्यात तक्रार करणारी म्हणून माझं नाव घाला. आणि तक्रार दोघांविरुद्ध आहे असं लिहा. त्यांच्या आणि तुमच्या."

"लिहिते."

"माझ्यासमोर लिहा."

विदादने लिहिलं. सिरीनने स्वतःचं पूर्ण नाव अक्षर अक्षर करून सांगितलं आणि विदाद टाइप करत गेली. टाइप ती खरंच फार सुरेख करायची. मग सिरीनने एकदा शेवटपर्यंत वाचून मान हलवली आणि विदादने पत्र धाडलं.